इलेक्ट्रिक पिकअपला ट्रेलर जोडण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत इलेक्ट्रिक पिकअप घेतलेल्या किंवा घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर), होडी, यू-हॉल कंपनीचा भाड्याचा ट्रेलर, गणपतीच्या मिरवणुकीचं सामान, काहीही ओढायचं असलं तरी हिशेब तोच. मापं अमेरिकन ठेवली आहेत, म्हणजे मैल, पौंड आणि फूट. वीज मात्र युनिटमध्ये मोजली आहे. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-अवर, विजेच्या बिलावर असतं तेच.

ट्रेलर लावल्यावर रेंज किती उरते?

साधारण निम्मी. सपाट तोंडाचा उंच कॅम्पर असेल तर निम्म्याहूनही कमी. होडी किंवा बुटका उघडा ट्रेलर असेल तर दोन-तृतीयांशापर्यंत उरू शकते.

फोर्ड एफ-१५० लाइटनिंगचं उदाहरण घेऊ. मोठ्या बॅटरीत वापरण्याजोगे १३१ युनिट असतात. एकटा ट्रक ६५ मैल वेगाने एका युनिटमध्ये २ मैलांच्या थोडं वर जातो. मागे उंच कॅम्पर लावला की हाच आकडा १ मैलाच्या आसपास येतो. पण १३१ युनिट म्हणजे १३१ मैल असं धरू नका. हायवेवर कोणी शून्यापर्यंत चालवत नाही आणि ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, म्हणून १०० टक्क्यांपर्यंत थांबूनही राहत नाही. घरून १०० टक्के भरून निघालात तर पहिला टप्पा साधारण ११५ मैलांचा. त्यानंतरचे टप्पे १० ते ८० टक्क्यांमधले, म्हणजे ९२ युनिट, म्हणजे जेमतेम ९० मैल. आखणी या ९० मैलांवर करायची.

पेट्रोलच्या पिकअपचं मायलेजही ट्रेलर लावल्यावर असंच पडतं. फक्त तिथे टाकी पाच मिनिटांत भरते आणि पंप दर एक्झिटला असतो, त्यामुळे ते जाणवत नाही.

आमचा ट्रेलर तर हलका आहे. मग रेंज इतकी का घसरते?

कारण हायवेवर बॅटरी मुख्यतः हवा खाते, वजन नाही. या विषयातली हीच एक गोष्ट पक्की समजली तर बाकीचे निम्मे प्रश्न सुटतात.

ढोल-ताशा पथकाचं सामान बघा. २५ ढोल, १० ताशे, ध्वज आणि टोल मिळून साधारण ६०० ते ७०० पौंड. वजन काहीच नाही. पण हे सगळं मावण्यासाठी बंदिस्त ट्रेलर लागतो आणि त्याचं तोंड भिंतीसारखं हवेला आडवं येतं. सपाट रस्त्यावर १,००० पौंड जास्त वजन ओढायला १०० मैलांमागे फक्त २ युनिटच्या आसपास लागतात. तोच ट्रेलर ट्रकच्या छतापेक्षा दोन फूट उंच असेल तर १०० मैलांमागे ३०–४० युनिट हवेत जाऊ शकतात. म्हणून ट्रेलर निवडताना आधी उंची आणि तोंडाचा आकार बघा, वजन नंतर. ट्रकच्या सावलीत लपणारा टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा बुटका कॅम्पर) किंवा घडी होणारा ए-फ्रेम कॅम्पर इलेक्ट्रिक पिकअपला सगळ्यात चांगला. त्याच वजनाचा चौकोनी खोका सगळ्यात वाईट.

दुसरा उपाय फुकट आहे: वेग. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ वरून ५५ वर आलात तर रोध २८ टक्क्यांनी कमी होतो आणि त्याच ९२ युनिटमध्ये ९० ऐवजी ११५ मैलांच्या आसपास जाता येतं. एक चार्जिंग थांबा वाचला तर ५५ ने जाणारा बऱ्याचदा लवकर पोहोचतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ५५ ची कायदेशीर मर्यादाच आहे, त्यामुळे तिथे हा विचार करायची गरज नाही.

वारा विसरू नका. ६० ने जाताना समोरून १५ मैलांचा वारा असेल तर ट्रेलरला ७५ ची हवा लागते, म्हणजे रोध दीडपटीहून जास्त. वायोमिंगमधला आय-८० अशा वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. हवामानाच्या ॲपमध्ये पावसाआधी वाऱ्याची दिशा बघा.

ट्रकवर १०,००० किंवा ११,००० पौंड ओढण्याची क्षमता लिहिली आहे. म्हणजे तेवढा ट्रेलर चालेल ना?

बहुतेक कुटुंबांना चालणार नाही. आडवा येतो तो पेलोड.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं. त्यावर ‘माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांहून जास्त नको’ असं लिहिलेलं असतं. तो तुमच्या ट्रकचा पेलोड. ट्रेलरचं जे वजन हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या टोकावर पडतं, त्याला टंग वेट म्हणतात आणि तेही या पेलोडमधूनच वजा होतं. साध्या ट्रेलरचं टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं.

आता हिशेब. स्टिकरवर १,७०० पौंड आहेत असं धरा. चार माणसं ६५०. मागच्या बेडमध्ये (उघड्या हौद्यात) आणि पुढच्या फ्रंकमध्ये (बॉनेटखालच्या डिकीत) सामान ३००. हिचची जोडणी ५०. उरले ७००. टंग वेट १२.५ टक्के धरलं तर ५,६०० पौंडांचा ट्रेलर, तोही पाण्याची टाकी, गॅसचं सिलिंडर आणि भांडीकुंडी भरून. ब्रोशरमधला मोठा आकडा चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंड, एवढंच धरून काढलेला असतो. आजी-आजोबा आणि मुलं घेऊन निघणाऱ्यांसाठी तो नाही.

आणखी एक जागा बघायची: हिचच्या रिसीव्हरवरचं (ट्रकखालच्या चौकोनी खोबणीवरचं) लेबल. त्यावर कित्येकदा दोन आकडे असतात, एक साध्या बॉलसाठी (ज्यावर ट्रेलर टेकतो तो गोळा) आणि दुसरा वजन वाटून देणाऱ्या हिचसाठी. साधा बॉल लावून दुसऱ्या आकड्याचा ट्रेलर ओढणं ही नेहमी दिसणारी आणि धोक्याची चूक आहे. हवेचं सस्पेन्शन असलेल्या काही ट्रकना वजन वाटणारी हिच लावायची की नाही, आणि लावताना सस्पेन्शन कोणत्या मोडमध्ये हवं, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलेलं असतं. तिथे अंदाज चालवू नका.

टंग वेट मोजायचं कसं?

हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा मोठा काटा असतो. कॅम्परसह सगळी गाडी त्याच्यावर घ्या, पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर वेगवेगळ्या पट्ट्यांवर येतील अशी. चिठ्ठीवर तीन आकडे मिळतात. मग ट्रेलर सोडून फक्त ट्रक, तीच माणसं आणि तेच सामान घेऊन, पुन्हा तोला. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे टंग वेट. वजन वाटणारी हिच असेल तर तिच्या पट्ट्या सैल ठेवून मोजा, नाहीतर आकडा कमी येतो.

१० टक्क्यांच्या खाली असेल तर सामान पुढे सरकवा. १५ च्या वर असेल तर थोडं एक्सलच्या मागे न्या.

कोणता ट्रक ट्रेलरसाठी बरा?

रोज ओढायचं असेल तर मोठी बॅटरी आणि वेगवान चार्जिंग या दोनच गोष्टींना किंमत आहे. शेव्हरोले सिल्व्हराडो ईव्ही आणि तिची बहीण जीएमसी सिएरा ईव्ही यांच्या मोठ्या बॅटरीत २०० हून जास्त युनिट असतात आणि योग्य चार्जरवर त्या ३५० किलोवॅटपर्यंत घेतात. लांब पल्ल्यावर कॅम्पर ओढायला या दोघी सगळ्यांच्या पुढे आहेत. रिव्हियन आर१टी आणि टेस्ला सायबरट्रक दोन्ही ११,००० पौंडांपर्यंत ओढतात, पण त्यांची बॅटरी लहान. लाइटनिंगचं चार्जिंग १५० किलोवॅटच्या आसपास थांबतं आणि मोठी बॅटरी १५ वरून ८० टक्क्यांवर जायला सुमारे ४० मिनिटं घेते.

लाइटनिंग सेकंडहँड घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. १०,००० पौंडांचा आकडा फक्त मोठी बॅटरी आणि मॅक्स ट्रेलर टो पॅकेज दोन्ही असलेल्या गाडीचा. लहान बॅटरीला पॅकेजसह ७,७००. सगळ्यात महाग प्लॅटिनमला ८,५००. विकणाऱ्याचं ऐकू नका, गाडीच्या व्हीआयएन नंबरावरून पॅकेज तपासा.

ट्रेलर न सोडता चार्ज करता येतं का?

कधी कधी. बहुतेक चार्जिंग स्टेशनं मॉलच्या पार्किंगसारखी, नाक आत घालून उभं राहायची असतात. पंपासारखं एका बाजूने शिरून दुसरीकडून निघायची सोय असलेली स्टेशनं अजून थोडी आहेत, पण वाढत आहेत.

चार्जिंगचं तोंड कुठे आहे यावर खूप अवलंबून असतं. लाइटनिंग आणि आर१टीला ते पुढे डावीकडे आहे, म्हणून नाक आत घातलं की केबल पोहोचते आणि ट्रेलर मागे वाटेत उभा राहतो. स्टेशन रिकामं असेल तर चालतं, गर्दीत नाही. सायबरट्रक आणि सिल्व्हराडोला ते मागे डावीकडे आहे. ट्रेलर लावून तिथवर रिव्हर्स घेणं जमत नाही, आडवं उभं राहावं लागतं आणि दोन-तीन जागा अडतात. टेस्लाच्या सुपरचार्जरवर फोर्ड, रिव्हियन आणि जीएमला २०२४ पासून प्रवेश मिळाला आहे (बहुतेक गाड्यांना ॲडॉप्टर लागतो), पण तिथल्या बऱ्याच केबल आखूड असतात. शिवाय सिल्व्हराडोला तिथे तिचा पूर्ण वेग मिळत नाही.

दुसऱ्यांची वाट अडवण्यापेक्षा ट्रेलर सोडा. सराव झाल्यावर दहा मिनिटांचं काम आहे. क्रम मात्र बदलू नका:

१. सपाट जागा बघा आणि ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हे सगळ्यात आधी.
२. सात पिनांचा प्लग, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि सेफ्टी चेन काढा.
३. पुढचा जॅक जमिनीला टेकवा, कपलरचं (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडाचं) कुलूप आणि खटका उघडा, मग जॅकने कपलर बॉलच्या वर येईपर्यंत उचला.
४. ट्रक सावकाश फूटभर पुढे घ्या, थांबा, खाली बघा, मग निघा.

हवेचं सस्पेन्शन असेल तर मागचं वजन उतरल्यावर ट्रक स्वतः उंची बदलतो. कपलर अजून बॉलला अडकलेला असताना हे झालं तर जॅक वाकतो. म्हणून उंची आपोआप बदलणं थांबवणारा मोड आधी लावा.

थांबे आखायला काय वापरायचं?

ए बेटर रूटप्लॅनर या ॲपमध्ये गाडी निवडून खप (मैलामागे लागणारी वीज) स्वतः भरता येतो. पहिल्या ३० मैलांत डॅशबोर्डवर जो खप दिसेल तो भरा, पुढचा नकाशा त्यानेच नीट बसतो. ट्रकच्या स्वतःच्या नेव्हिगेशनमध्ये ट्रेलरची उंची आणि वजन भरायची सोय असेल तर तीही खरी माहिती देऊन वापरा. तिथे ‘ट्रेलर नाही’ राहिलं तर पहिला थांबा हमखास चुकतो.

प्रत्येक थांब्यावर पोहोचताना निदान १० टक्के शिल्लक ठेवा. चार्जर बंद निघाला तर पुढच्यापर्यंत जायला तेवढे लागतात. ठरवलेला आकडा हातातून निसटतोय असं दिसलं तर लगेच वेग ५० वर आणा, शेवटच्या दहा मैलांची वाट बघू नका.

आरव्ही पार्कमध्ये रात्रभर चार्ज होतं का?

होतं, आणि कॅम्पर ओढणाऱ्यांसाठी हाच सगळ्यात सुखाचा मार्ग आहे. पेडेस्टलवर (जागेजवळच्या विजेच्या खांबावर) ५० अँपियरचं चार पिनांचं सॉकेट असेल तर पोर्टेबल चार्जर त्यावर ३२ अँपियरने सुमारे ७.७ किलोवॅट देतो. १३१ युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर जायला साधारण ११ तास. जेवून झोपायचं, सकाळी पोहे होईपर्यंत ट्रक तयार.

पण ५० चं सॉकेट एकच आणि कॅम्परलाही वीज हवी. बऱ्याच पेडेस्टलवर ५० च्या शेजारी ३० अँपियरचंही सॉकेट असतं. कॅम्पर ३० वर आणि ट्रक ५० वर लावा. मात्र ट्रक ३० च्या सॉकेटवर लावायची वेळ आली तर लक्षात ठेवा की कॅम्परचं ते तीन पिनांचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं. त्यातून ३ किलोवॅटही मिळत नाहीत, आणि चुकीचा ॲडॉप्टर लावला तर चार्जर सुरू होत नाही किंवा बिघडतो. दुपारच्या उन्हात सगळ्यांचे एसी चालू असताना व्होल्टेज पडतं. सॉकेट गरम लागलं तर करंट २४ अँपियरवर आणा. बुकिंग करतानाच गाडी चार्ज करणार असल्याचं सांगा. काही पार्कना ते चालत नाही, काही वेगळे पैसे घेतात, आणि रात्री नऊला हे कळणं त्रासाचं.

घाटात काय होतं?

चढताना ताकदीची चिंता नाही, या ट्रकमध्ये ती भरपूर आहे. लक्ष युनिटवर ठेवा. ट्रक, माणसं आणि ट्रेलर मिळून १२,००० पौंड असतील तर दर १,००० फूट चढाईला नेहमीच्या खपावर सुमारे ५ युनिट जास्त धरा. बेकर्सफील्डकडून लॉस एंजेलिसला जाताना ग्रेपव्हाइनचा घाट साधारण २,६०० फूट चढतो, म्हणजे १३ युनिट. डेन्व्हरहून आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जवळजवळ ५,७०० फूट चढाई आहे, म्हणजे २८–२९ युनिट फक्त उंचीचे. डेन्व्हरहून ५० टक्क्यांवर निघू नका.

उतरताना रीजनने (मोटर ट्रकला रोखत वीज बनवते, त्याने) वीज परत येते, पण ती गेली तेवढी येत नाही. ट्रेलरला लागणारी हवा उतारावरही तितकीच असते, ती भागवून उरेल तेच बॅटरीत जातं.

बॅटरी १०० टक्के भरून उताराला लागू नका. भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते, रीजन जवळजवळ बंद होतं आणि सगळा भार डिस्क ब्रेकवर येतो. डोंगरावरच्या पार्कमध्ये मुक्काम असेल तर चार्जिंग ८० ते ८५ टक्क्यांवर थांबवा.

ट्रेलरला वेगळे ब्रेक लागतात का?

बहुतेक राज्यांत ठरावीक वजनाच्या वर लागतात, अनेक ठिकाणी ही मर्यादा ३,००० पौंड आहे. कॅलिफोर्नियात कॅम्परसाठी ती १,५०० पौंड. कायदा सोडा, १,५०० च्या वर ब्रेक असावेतच.

इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर ट्रकमधल्या ब्रेक कंट्रोलरचा गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागतील तो आकडा) जुळवावा लागतो. कोरड्या, सपाट, रिकाम्या रस्त्यावर २०–२५ मैल वेगाने फक्त ट्रेलरचा हाताने दाबायचा ब्रेक दाबा. ट्रेलरची चाकं घासत सरकायला लागेपर्यंत गेन एकेक पायरी वाढवा, मग थोडा कमी करा. सामान बदललं की पुन्हा जुळवा.

होड्यांच्या आणि भाड्याच्या ट्रेलरना बहुधा सर्ज ब्रेक असतात. इथे इलेक्ट्रिक ट्रकची एक खास अडचण आहे जी पेट्रोलवाल्यांना भेडसावत नाही. सर्ज ब्रेक ट्रेलरने पुढे ढकललं की लागतात. तुम्ही पाय उचलला, रीजनने ट्रक मंदावला, ट्रेलरने ढकललं आणि त्याचे ब्रेक लागले. परत मिळायची वीज ट्रेलरच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, आणि लांब उतारावर ते तापून जळका वास येतो. अशा ट्रेलरला वन-पेडल (पाय उचलताच रीजनने ट्रक थांबवणारा मोड) बंद करा किंवा रीजनची पातळी खाली आणा आणि घाट उतरताना वेग आधीच कमी ठेवा.

ट्रेलर डुलायला लागला तर?

ब्रेक दाबू नका. आणि इलेक्ट्रिक ट्रकमध्ये पाय झटकन उचलूही नका, कारण वन-पेडलमध्ये पाय उचलणं म्हणजेच ब्रेक: ट्रक थांबतो, ट्रेलर ढकलतो, डुलणं वाढतं. स्टीअरिंग सरळ धरा, पेडल हळूहळू सोडा आणि फक्त ट्रेलरचा हाताचा ब्रेक हलका लावा. थांबल्यावर कारण शोधा. टंग वेट कमी, ट्रेलरचं नाक वर, किंवा टायरमध्ये हवा कमी, या तिघांपैकी एक बहुधा निघतं.

भाड्याचा यू-हॉल घेतला तर?

मिरवणुकीच्या सामानासाठी ६ बाय १२ चा बंदिस्त ट्रेलर बहुतेक पथकं घेतात. तो रिकामा १,९२० पौंड असतो आणि भरून ४,४०० च्या वर जायचा नाही. सामानाचं ६० टक्के वजन पुढच्या अर्ध्यात. वेगमर्यादा ५५. त्याला सर्ज ब्रेक आहेत, म्हणजे वरची रीजनची गोष्ट लागू. सामान मावत असेल तर ५ बाय ८ घ्या. तोंड लहान, त्यामुळे रेंजमधला फरक लगेच दिसतो.

ट्रकची वीज कॅम्परला देता येते का?

हो. लाइटनिंगच्या वरच्या मॉडेलमध्ये ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर काढता येते, त्यावर कॅम्परचा एसी आरामात चालतो. घरी परतायचे युनिट आधी बाजूला काढा, उरलेल्यातून एसी चालवा.

स्वतःची बॅटरी असलेले कॅम्पर घ्यावेत का?

लाइटशिप आणि पेबल यांनी असे कॅम्पर काढले आहेत. त्यांची चाकं स्वतःच्या मोटरने ट्रकला हातभार लावतात, आणि आकारही हवा कापणारा आहे. पेबल फ्लोची बॅटरी ४५ युनिटची आहे. कल्पना अगदी योग्य जागी घाव घालते, पण किंमत चढी आहे. वर्षातून दोनदा कॅम्पिंगला जाणाऱ्याने त्याच पैशात मोठ्या बॅटरीचा ट्रक आणि बुटका कॅम्पर घ्यावा.

निघण्याआधी काय बघायचं?

ट्रेलर सपाट जमिनीवर आडव्या रेषेत हवा, नाक वर नको. ट्रक टो मोडमध्ये टाकून, सस्पेन्शन त्या उंचीवर आल्यावरच बॉलची उंची मोजा. बॉलचा आकार कपलरवर कोरलेल्या आकाराशी जुळवा. दोन इंची बॉलवर सव्वादोन इंचांहून मोठा कपलर बसतो, पहिल्या खड्ड्यापर्यंत. चेन कपलरखाली फुलीसारख्या अडकवा. प्लगच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर घासून घ्या, ‘ट्रेलर डिस्कनेक्टेड’चा इशारा बहुधा तिथूनच येतो. ट्रेलरच्या टायरमध्ये हवा टायरवर लिहिलेल्या दाबापर्यंत थंड असताना भरा, आणि त्यांचा वेग-दर्जा बघा. बऱ्याच जुन्या एसटी (खास ट्रेलरच्या) टायरची मर्यादा ६५ मैल आहे. चाक काढून बसवलं असेल तर ५० मैलांनंतर थांबून नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.